आईच्या गुडघ्याची अमावस्या

रामकुंडाच्या शेवाळलेल्या पायरीवरून आई घसरली. वय चौसष्ट; निदान गेली काही वर्षं तरी चौसष्टच. गुडघ्याचा एमआरआय झाला, सीडी हातात पडली आणि पुण्याच्या मावसभावाचा, म्हणजे हाडांच्या डॉक्टरचा, मेसेज आला : "मावशीच्या गुडघ्याच्या दोनचार इमेज जेपीजी करून ग्रुपवर टाक." करून टाक! जणू कांदेपोहे.

लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही. एमजी रोडवरच्या दुकानातल्या पोराने सीडी उजेडात धरून विचारलं, "काका, लग्नाची का?" पन्नास रुपयांत ती पेनड्राइव्हवर उतरली. आत १८२ फायली, एकीलाही '.जेपीजी'सारखं आडनाव नाही. नुसत्या आयएम-एक, आयएम-दोन. हे म्हणे डायकॉम. दवाखान्यातली यंत्रं एकमेकांशी बोलतात ती भाषा. नाव १९९३ पासूनचं. सुरुवातीचे १२८ बाइट सोडून द्यायचे, मग 'डीआयसीएम' ही चार अक्षरं, पत्रिकेवरच्या श्रीगणेशासारखी. पुढे पेशंटची कुंडली : नाव, जन्मतारीख, वय. चित्र सगळ्यात शेवटी.

ऑनलाइन बदलून देणाऱ्या साइट ढीगभर. पहिलीने ईमेल मागितला, पाचच फायली फुकट म्हणाली आणि अर्ध्या तासाने पाच काळेकुट्ट चौकोन हातावर ठेवले. आई चष्मा पुसत म्हणाली, "अमावस्येला काढलाय का?"

दोष आईच्या गुडघ्याचा नव्हता. डायकॉमात करड्या रंगाच्या छटा १२ बिटांच्या, म्हणजे ४०९६ असू शकतात. साध्या जेपीजीत मावतात २५६. कुठल्या ठेवायच्या नि कुठल्या गाळायच्या, हे ठरवायला 'विंडो' असते. या साइटने खिडकी उघडलीच नव्हती. दुसरीने भलत्याच जागी उघडली : गुडघा भगरीसारखा पांढराफेक. "काल अमावस्या, आज पौर्णिमा," आई म्हणाली. "चतुर्थीचा चंद्र कधी निघणार?"

शिवाय मनात धाकधूक वेगळीच. आईचा गुडघा कुंडलीसकट कुठल्या देशात जाऊन बसला, देव जाणे.

तिसऱ्या रात्री लक्षात आलं, फायली बघायचा प्रोग्रॅम सीडीतच होता. पेनड्राइव्हवर, पहिल्याच ओळीत. मी त्याला व्हायरस समजून तीन दिवस लांबून जात होतो. एक क्लिक, चार सुरेख जेपीजी. घाईघाईत ग्रुपवर टाकले.

भाऊ म्हणाला, लिगामेंट शाबूत आहे, सूज उतरेल. पण त्याच्या आधी काकूचा मेसेज येऊन पडला होता : "वहिनी, गुडघा छान दिसतोय. कोपऱ्यात ते ०७१वाय काय लिहिलंय?"

डायकॉमात वय असंच लिहितात, तीन आकड्यांत. शंभरी ओलांडणाऱ्यांचीही सोय.

आईने फोन हातात घेतला, फोटो बोटांनी मोठा केला, बराच वेळ पाहिला.

"फाइलचा नंबर आहे म्हणून सांग तिला."