तालीम हा शब्द तालावरून आलेला नाही

काल कोथरूडला एका गाण्याच्या कार्यक्रमाला गेले होते. गाणं छान झालं, साथ तर फारच सुरेख. पण मध्यंतरानंतर निवेदिका म्हणाली, "तालीम हा शब्द ताल यावरून आला. जी तालात राहायला शिकवते ती तालीम." आणि टाळ्या पडल्या! पुण्यात, गाणं ऐकणाऱ्या माणसांच्या टाळ्या. रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय.

तालीम शब्द अरबी आहे. इल्म म्हणजे विद्या, आलिम म्हणजे विद्वान, मालूम म्हणजे ठाऊक असलेलं आणि तालीम म्हणजे शिकवणं. सगळे एकाच धातूतून निघालेले. फारसीमार्फत तो आपल्याकडे आला आणि राहिला. तालाचा इथे काडीचाही संबंध नाही.

शेजारी बसलेल्या काकांना हे हळूच सांगितलं, तर म्हणाले, "असेल हो, पण असं सांगितलं की शब्द आपला वाटतो." इथे माझं खरं डोकं फिरलं. आपला वाटायला अजून काय व्हायला हवं? मानाचा तिसरा गणपती गुरुजी तालमीचा. नाटकवाले रंगीत तालीम करतात. पेठेत वाढलेल्या माणसाला तालीम परकी वाटते?

माझे आबा शुक्रवार पेठेतल्या तालमीत जायचे. लहानपणी मला गाण्याच्या क्लासहून आणायला येत, तेव्हा दाराशी कोपऱ्यात बसून राहत. एकदा बाईंनी भूप रागातली एकच तान माझ्याकडून पुन्हा पुन्हा घोटून घेतली. मी रडकुंडीला आले, तरी बाई सोडेनात. घरी जाताना आबा म्हणाले, "तुझ्या वस्ताद कडक आहेत गं. तालीम अशीच पाहिजे." गाण्यातलं आबांना ओ की ठो कळत नव्हतं. पण समोर चाललंय ते काय, हे त्यांनी बरोबर ओळखलं. आणि त्यांच्या तोंडचा वस्ताद आणि मैफलीतला उस्ताद मुळात एकच.

रियाज आपण एकट्याने करतो. तालीम कुणीतरी देतं, कुणीतरी घेतं. अमक्याची तालीम कुणाकडे झाली, असं गाणारे विचारतात ते उगाच नाही. गवई भास्करबुवा बखल्यांनी फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांच्याकडे तालीम घेतली आणि १९११ साली पुण्यात भारत गायन समाज ही गाणं शिकवणारी संस्था काढली. आपलं पुण्यातलं गाणं या अशा देण्याघेण्यातून आलंय. शब्दाचं मूळ पुसलं की हा माणसांमधला व्यवहारही पुसला जातो, याचं मला वाईट वाटतं.

शब्द वापरायला त्याचं मूळ माहीत असलंच पाहिजे असं नाही, हे मान्य. आबांनाही ते माहीत नव्हतं. पण त्यांनी खोटं मूळ रचून कुणाला सांगितलं नाही. बाई तान चुकली की तिथेच थांबवत, पुढे जाऊ देत नसत. आबांना आवडलं होतं ते हेच.

त्या निवेदिकेवर माझा राग नाही. आवाज गोड होता, तयारीही दिसत होती. कुणीतरी लिहून दिलेलं तिने वाचलं असणार. लिहून देणाऱ्यांना मात्र सांगणं आहे: मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश इंटरनेटवर फुकट आहे, शब्दापुढे मूळ भाषेची खूणही असते. दोन मिनिटं लागतात.

आणि क्लास घेणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, मुलांनी विचारलं तर सरळ सांगा की हा अरबी शब्द आहे आणि आपला आहे. जमलं तर एकदा त्यांना कुस्तीची तालीम दाखवून आणा. वस्ताद कुस्तीच्या मातीच्या हौद्याकडेला उभे राहून एकेका पोराकडे कसे बघत असतात, ते बघू देत त्यांना.