साधंच कर काहीतरी

"पाडव्याला फार घाट घालू नकोस, साधंच कर काहीतरी." हे वाक्य आमच्या घरात कधी एकटं येत नाही. त्याच्या शेपटाला एक पदार्थ बांधलेला असतो. दीर म्हणतात, "साधंच करा वहिनी, नुसती श्रीखंड-पुरी. बटाट्याची भाजी काय, असेलच." जाऊबाई म्हणतात, "माझं काय हो, कैरीची डाळ असली की झालं माझं जेवण." आत्येसासूबाई तर "मला काही नको गं, घासभर वरण-भात" अशी सुरुवात करतात की ऐकणाऱ्याला गहिवरून यावं. मग पाण्याचा घोट घेऊन पुढे, "मसालेभात कुणी आग्रह केला तरच घेईन." या सगळ्या साध्या माणसांच्या साध्या इच्छांची बेरीज चौदा पदार्थ होते.

त्यामानाने गुढी सोपी. काठी, तांब्या, खण, कडुलिंबाचा डहाळा, गाठी, हार. यादी ठरलेली. "गाठी जरा कमी गोड आण" असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. साडेतीन मुहूर्तांपैकी एक असल्यामुळे पाडव्याला वेगळा मुहूर्त पाहावा लागत नाही म्हणतात. जेवणाच्या बेताला मात्र तो काही केल्या सापडत नाही.

मूळ तंटा गोडाचा. सासर देशावरचं, तिथे पाडव्याला पुरण. माझं आणि जावेचं माहेर श्रीखंडाचं. होळीच्या पुरणपोळ्या खाऊन जेमतेम पंधरवडा झालेला असतो, पण "होळीचं होळीला, पाडव्याचं पाडव्याला" या सासूबाईंच्या युक्तिवादाला तोड नाही. शेवटी दरवर्षी तोच तह होतो: श्रीखंड सगळ्यांना आणि पुरण "नैवेद्यापुरतं". "साधं"च्या खालोखाल धोक्याचा शब्द हाच. कारण नैवेद्य देव एका पोळीत आटपतो, नंतर पंगतीत दहा जण "प्रसाद म्हणून अर्धी वाढ" म्हणतात. शिवाय पुरण कधी एकटं येत नाही. पुरण शिजवलं की कट निघतो, कट निघाला की आमटी आलीच, आमटीला भात हवा, आणि पुरणावरणाच्या ताटाला कुरडई नसेल तर ते ताट का? एका वाटीभर हरभऱ्याच्या डाळीने अर्धा स्वयंपाक ठरवून टाकलेला असतो.

मग मी बेत ताटाकडे बघून ठरवायला घेते. ताटाची डावी बाजू बिनविरोध निवडून येते. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. कुणाचं काही म्हणणं नसतं. सगळं राजकारण उजव्या बाजूला, भाज्या आणि गोड जिथे बसतात तिथे. तरी बरं, नैवेद्याचा स्वयंपाक म्हणून कांदा-लसूण बाद होतो आणि निम्म्या भाज्यांचे अर्ज आपोआप फेटाळले जातात.

२०२५ चा पाडवा ३० मार्चला आला, तोही रविवारी. रविवार म्हणजे "सुट्टी नाही मिळाली" हे कुणालाच म्हणता येईना, सगळे येणार. दुसऱ्या दिवशी मार्चअखेर. नवरा हिशेबाच्या कामातला, त्यामुळे तो "तुम्ही ठरवाल ते" म्हणून लॅपटॉपमध्ये शिरला. आदल्या वर्षी अधिक मासाच्या कृपेने पाडवा ९ एप्रिलपर्यंत लांबला होता, तेव्हा मार्चअखेर उरकून तो मोकळा होता. त्या वर्षी बेतात दोन पदार्थ जास्त झाले होते. त्यामुळे मी लॅपटॉपबद्दल चकार शब्द काढला नाही.

हल्ली पदार्थांपेक्षा प्रकृत्यांची यादी मोठी होते. दिरांना साखर, तेव्हा श्रीखंड कमी गोड. भाचा व्यायामशाळेत जातो, तो पुरी खात नाही, पण चक्का "प्रोटीन आहे" म्हणून वाटीने मागतो. पुतणी दूधदुभतं सोडून बसली आहे, तिला पुरण चालतं, पण वर तूप नको. आत्यांना तळलेलं वर्ज्य, कुरडई वगळून. "कुरडई कुठे तळलेली लागते?" हा त्यांचा प्रश्न मी अजून सोडवते आहे. गंमत म्हणजे सगळ्यांच्या प्रकृतीला मानवेल असा एकच पदार्थ त्या दिवशी घरात असतो: कडुलिंबाची कोवळी पानं, गूळ, ओवा, हिंग, मीठ घालून वाटलेली चटणी. तिचे गुण सगळे सांगतात. खाताना मात्र ती बोटाच्या पेराला लागेल एवढी घेऊन, तोंड वाकडं करून, "आणखी कुणाला?" म्हणत वाटी पुढे सरकवतात.

सगळ्यात जास्त जीव खातो तो चक्का. "विकतचा आणू या ना," असं मी एकदाच म्हणाले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त गॅस पुसायला लागल्या. आधीच पुसलेला गॅस.

तर म्हशीचं दूध, त्याचं घट्ट दही, आणि ते मलमलच्या फडक्यात बांधून टांगायचं. पूर्वी पुरचुंडी ओट्याच्या नळाला लटकायची. रात्रभर टप, टप, आणि पाणी प्यायला उठलेला प्रत्येक माणूस आधी नळ तपासून, मग पुरचुंडी दाबून बघून जायचा. मार्चच्या उकाड्यात सकाळपर्यंत ते असं काही आंबायचं की साखरेचं पोतं ओतावं. म्हणून आता चाळणीत फडकं, फडक्यात दही, वर वरवंटा, खाली पातेलं, आणि हा सगळा मनोरा फ्रिजमध्ये. तो मावावा म्हणून आदल्या दिवशी फ्रिजमधलं शिळंपाकं संपवण्याची मोहीम निघते. तीन किलो दह्याचा सव्वा-दीड किलोच्या आत चक्का पडतो आणि घरातला प्रत्येक माणूस "एवढंच?" म्हणून माझ्याकडे बघतो, जणू उरलेलं पाणी मीच प्यायले.

चक्क्याच्या बरोबरीने साखर हे माहेरचं माप. दिरांसाठी मी ती बरीच कमी केली. चाखून "आता कसं बेताचं झालंय" असं सगळे एकमुखाने म्हणाले. चक्का आणि साखर पुरणयंत्रातून फिरवायची असते, म्हणजे गुठळी राहत नाही. आणि पुरणही पुरणयंत्रातूनच निघतं. यंत्र एक. हे तह करणाऱ्यांच्या कधी लक्षात येत नाही. श्रीखंड रात्री फिरवून, यंत्राच्या जाळीची भोकं टूथपिकने साफ करून ते सकाळी पुरणाला हजर करायचं, नाहीतर पुरणपोळीला वेलची-केशर-दह्याचा वास.

उरलेलं काय, शेगड्यांचं गणित. तीन शेगड्या, त्यातली एक मंद होतच नाही. बाराला नैवेद्य, तिथून उलटं मोजत यायचं. मसालेभात, आमटी, बटाट्याची भाजी होत जातं. पुऱ्या मात्र आधी करून चालत नाहीत. पंगत बसली की मी कढईपाशी. दारातून पुऱ्या जातात आणि दारातूनच "अगं, तू पण बस की आता आमच्याबरोबर" असा आग्रह येतो. त्याच दमात, "आणि दोन गरम पाठव."

पुरी न खाणाऱ्या भाच्याने किती खाल्ल्या ते मी मोजलं नाही. सणाच्या दिवशी मोजू नये. दिरांनी बेताचं गोड श्रीखंड तीनदा घेतलं, कारण ते बेताचं गोड होतं.

नंतर डबे. माझे स्टीलचे डबे एकदा उंबरा ओलांडून गेले की परत येत नाहीत, म्हणून मी विकतच्या श्रीखंडाचे प्लॅस्टिकचे डबे वर्षभर धुऊन जपून ठेवते. पाव किलोचे, अर्ध्या किलोचे, झाकणांसकट. त्यातलाच एक भरून नणंदेबरोबर तिच्या सासूबाईंसाठी दिला. संध्याकाळी गुढी उतरवून मी जरा टेकते तोच त्यांचा फोन.

"पोचलं हो श्रीखंड. पण खरं सांगू का, या कंपनीचं आता पूर्वीसारखं राहिलं नाही. किती आंबट! अहो, पाडव्याला तरी घरी करायचं. काय एवढं असतं त्यात? दही टांगायचं, साखर घालायची. साधं तर असतं."