झोपेत पैसे

फेब्रुवारी २०२२ मध्ये आमचा पुण्याचा भाचा दोन दिवस बेळगावात शहापूरला राहून गेला. जाताना त्याने कुंद्याचे दोन डबे नेले आणि मागे एक वाक्य ठेवलं. "मामा, तुम्ही झोपलेले असताना मशीन पैसे कमवत राहील." कुंद्याचे पैसे मी दिले होते. वाक्याचेही मीच दिले, एक लाख ऐंशी हजार.

मशीन म्हणजे मायनिंग करणारा संगणक. ईथरियम नावाच्या जाळ्यावरच्या व्यवहारांचा हिशेब लिहायला आकडेमोड करायची आणि बदल्यात ईथर हे डिजिटल नाणं मिळवायचं, हे मायनिंग. मी कुठल्याही लग्नाला पोचतो तेव्हा मांडव सोडायला सुरुवात झालेली असते. ईथरचा भाव नोव्हेंबर २०२१ मध्ये पावणेपाच हजार डॉलर ओलांडून उतरणीला लागला होता. मी उताराच्या मध्यावर हात दाखवून गाडी थांबवली आणि चढलो.

बेंगळुरूच्या एसपी रोडवरून आठ जीबीची आकडेमोड करायला सहा जुनी आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्डं आली. फ्रेम मात्र मी स्वतः केली. उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये वीस वर्षं काढलेला माणूस विकतची ॲल्युमिनियमची फ्रेम कशाला घेईल? एक इंची अँगल कापला, वेल्डिंग केलं, रेड ऑक्साइड मारला, वर हिरवा रंग दिला. भाच्याने व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि विचारलं, "मामा, याला ट्रॅक्टर कुठून जोडायचा?"

सगळं जोडून चालू केलं तर पाच कार्डं दिसली. पाच पांडव हजर, कर्णाचा पत्ता नाही. सहावं काढून पहिल्याच्या जागी लावलं, तर ते दिसलं आणि दुसरंच गेलं. रायझर बदलले. रायझर म्हणजे कार्ड संगणकाच्या मुख्य बोर्डापासून लांब बसवायला मधे घालायची बारकी पट्टी आणि तिची निळी केबल. या केबलींची इतकी अदलाबदल केली की शेवटी कुठली चांगली आणि कुठली संशयित हेच विसरलो. आमच्या शॉपमध्ये पोरानं असं केलं असतं तर मी त्याला चहा आणायला पाठवून दिलं असतं. चौदा रात्रींनी कळलं की दोष कशातच नव्हता. बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मुळातल्या सेटिंगमध्ये, 'अबव्ह फोर-जी डिकोडिंग' नावाची एक ओळ असते, ती बंद होती. त्यामुळे बोर्डाकडे सहाव्या कार्डाला द्यायला पत्ताच शिल्लक नव्हता. ती ओळ चालू केली आणि कर्ण आला. पडद्यावर एकशे ऐंशी मेगाहॅशचा, म्हणजे सेकंदाला अठरा कोटी आकडेमोडींचा, आकडा बघून मी पहाटे साडेतीनला एकटाच टाळ्या वाजवल्या. अण्णांना वाटलं काकड आरती सुरू झाली.

चौथ्या दिवशी बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, "अहो, मी फोडणी घातली नाही अजून. मग करपल्याचा वास कसला येतोय?" वर पळालो. एका रायझरला वीज देणारा साटा प्लग तपकिरी होऊन पुरणासारखा मऊ पडला होता. दोष माझाच. त्या प्लगची झेप चोपन्न वॅटची आणि कार्ड स्लॉटमधून पंचाहत्तरपर्यंत ओढू शकतं. म्हणजे बैलाची गाडी शेळीला जुंपलेली. मग सगळे रायझर सहा पिनांच्या वायरींवर घेतले. त्यानंतर घरात काहीही करपलं की पहिला संशय माझ्यावर. दुधाचं पातेलं लागलं तरी.

पूल म्हणजे काय, हे घरात समजावताना मी दूध सोसायटीचा आधार घेतला. इकडे तो लगेच पटतो. एकट्याला ब्लॉक, म्हणजे हिशेबाचं एक पान, सापडायला वर्षं लागतील, म्हणून हजारो लोक आपापलं दूध एका डेअरीत घालतात. ब्लॉक सापडला की ज्याचं जेवढं दूध, तेवढं त्याच्या खात्यावर. आपण पाठवलेला हिशेब पोचायला उशीर झाला तर तो 'स्टेल', म्हणजे सेंटरला जाईपर्यंत दूध नासलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. "बरं, बिल दहा दिवसांनी मिळतंय काय?" मी म्हटलं, "नाही. ०.१ ईथर झाल्याशिवाय पैसे सुटत नाहीत." आणि आमच्या म्हशी दिवसाला ०.००२ च्या आसपास देत होत्या. अण्णांनी बोटांवर हिशेब केला, बोटं कमी पडली, आणि ते पेपर वाचायला लागले.

लाईट जाणं हे वेगळं प्रकरण. बेळगावात वळवाचा पहिला ढग हिंडलग्यावर दिसला की शहापुरात लाईट जाते, असा माझा अनुभव आहे. लाईट आली की रिग, म्हणजे ही सगळी जोडणी, आपण होऊन चालू होत नसे. उघड्या बोर्डाला बटण नसतं. दोन पिनांना स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, की चालू. मी दिवसभर शॉपमध्ये, बायको शाळेत, घरी चौऱ्याहत्तर वर्षांची आई. तिच्या हातात स्क्रूड्रायव्हर द्यायचा धीर होईना. म्हणून त्या दोन पिनांना वायर लावून दाराच्या बेलचं बटण जोडलं आणि फ्रेमवर स्क्रूने बसवलं. या जोडणीचा मला आजही अभिमान आहे.

पहिल्याच दिवशी फोन केला. "आई, लाईट आली का?"

"आली की."

"मग वर जाऊन बेल दाब."

पाच मिनिटांनी ती परत फोनवर. "दाबली. चालू झालं आणि बंद पडलं."

"परत दाब."

"परत चालू झालं, परत बंद पडलं. आत माणूस नाही वाटतं."

संध्याकाळी घरी येऊन बघतो तर आई बेल आपल्या पद्धतीनं दाबत होती. आत कोणीतरी 'आलो आलो' म्हणेपर्यंत दाबून धरायची. संगणकाचं बटण चार सेकंद धरलं की तो जबरदस्तीने बंद होतो. म्हणजे दिवसभरात तिने रिग अकरा वेळा चालू केली होती आणि अकरा वेळा बंद. मग शिकवणी झाली: "एक म्हणायचं आणि सोडायचं." आई 'एक' लांबवून म्हणायची. पंधरवडा गेला. (वीज आल्यावर आपोआप चालू व्हायची सोयही बायोसमध्येच असते, हे भाच्याने मला सप्टेंबरात सांगितलं. सप्टेंबरात काय झालं ते पुढे येतंय.)

जूनमध्ये पाऊस लागला. इथला पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही आणि कपड्यांना एक आंबूस वास धरतो. तोपर्यंत बायको त्या खोलीला 'तुमचं ते' म्हणायची. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ती वर आली, दारात उभी राहिली, उबेत हात धरला आणि काही न बोलता खाली गेली. दुसऱ्या दिवशी माझ्या फ्रेमवर आडव्या दोन दोऱ्या होत्या. युनिफॉर्म, टॉवेल, अण्णांचे बंडी-लेंगे, सगळं चार तासांत कडकडीत. शेजारच्या काकूही बादली घेऊन यायला लागल्या. आमची रिग गल्लीत पहिल्यांदाच कोणाच्या तरी उपयोगी पडली.

मग तिसरं कार्ड रात्री तीनला बंद पडायला लागलं. रोज. तापमान नव्वदच्या पुढे, मग पडदा गोठलेला. मी पेस्ट बदलली, क्लॉक उतरवला, व्होल्टेज कमी केलं, व्हर्च्युअल मेमरी वाढवली, ड्रायव्हर काढून परत घातला. भाच्याने लॉग मागवले, वाचले आणि गंभीर आवाजात सांगितलं, "मामा, चिप गेली असेल." मी कार्ड उतरवलं. टॉर्च धरून पंख्यात बघितलं. पात्यांच्या मागे, बेअरिंगभोवती, सात-आठ वेढे घेऊन परकराची नाडी बसली होती. गुलाबी. टोकाला गाठ होती, ती पात्याला अडून पंख्याला अर्ध्या फेरीच्या पुढे जाऊ देत नव्हती. चिमट्याने ओढत ओढत काढली. अखंड आली, हातभर. भाच्याला फोटो पाठवला. त्याने बराच वेळ काही लिहिलं नाही, मग विचारलं, "हे कुठल्या कंपनीचं पार्ट आहे?"

याच सुमारास मीटर रीडर आला. महिन्याला शंभर युनिटांचं घर सातशेवर गेलेलं. त्याने मशीनमधून बाहेर येणाऱ्या कागदाकडे बघितलं, घराकडे बघितलं आणि विचारलं, "मनी ऐतो, फॅक्टरी ऐतो?" कन्नडमध्ये मनी म्हणजे घर. माझ्या डोक्यात दिवसरात्र दुसराच मनी. मी कळवळून सांगितलं, "मनी इल्ला री!" तो दचकला. मग बिल माझ्या हातात ठेवून, फॅक्टरीतून निघावं तसा अदबीनं निघून गेला.

जुलैत माझा फोन खिशात भिजून मेला. वॉलेट, म्हणजे ईथरचं पाकीट, फोनमध्ये. मी घाबरलो नाही, कारण बारा शब्द मी लिहून ठेवले होते. हे बारा शब्द २०४८ शब्दांच्या ठरलेल्या इंग्रजी यादीतून येतात. ते ज्याच्याकडे त्याचा पैसा, आणि हरवले तर जगात कोणाकडे दाद मागता येत नाही. म्हणून मी हुशारी केली होती. चोराला कळू नये यासाठी इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिले, तेही दुधाच्या वहीच्या शेवटच्या पानावर. गोट, राईस, वाईफ, वरी, वेस्ट वगैरे. चोराने बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं घरात भांडण चालू आहे.

नव्या फोनवर बारा शब्द घातले. चूक. परत घातले. चूक. शेवटच्या शब्दात आधीच्यांचा ताळा लपवलेला असतो, त्यामुळे एखादा शब्द बदलला की वॉलेट बहुतेक वेळा तिथेच नकार देतं. कुठला चुकला हे मात्र सांगत नाही. अगदी आमच्या गणिताच्या मास्तरांसारखं. ईथर डोळ्यांना दिसत होतं. पत्ता टाकला की कोणालाही दिसतं. पण काचेच्या कपाटातल्या करदंटासारखं. तीन रात्री मी 'वरी'वर संशय घेतला. ती उपासाची वरी तर नव्हे, इथपर्यंत विचार गेला. चौथ्या रात्री आठवीतली मुलगी पाणी प्यायला उठली, वहीत डोकावली आणि म्हणाली, "बाबा, वेस्ट दोन असतात की. एक पश्चिम आणि एक वाया गेलेलं."

यादीत दोन्ही आहेत. मी पहिल्यापासून पश्चिम घालत होतो.

वाया गेलेलं घातलं आणि वॉलेट उघडलं.

आता निदान विकून मोकळं व्हावं म्हणून ईथर एक्सचेंजकडे पाठवलं. फी वाचवायला सगळ्यात कमी आकडा टाकला. व्यवहार 'पेंडिंग'. दोन दिवस गेले तरी पेंडिंग. मी हवालदिल झालेला बघून अण्णा जवळ बसले. हा शब्द त्यांना बरोबर कळला. "पेंडिंग म्हणजे प्रलंबित काय? मग भ्यायचं कशाला? प्रलंबित म्हणजे नाही असं नव्हं. आम्ही छप्पन्न सालापासून बघालोय की." पुढचा तासभर महाजन अहवालावर गेला. त्या रात्री मी त्याच क्रमांकाचा व्यवहार जादा फी लावून परत पाठवला, आणि काही मिनिटांत काम झालं. अण्णांना सांगितलं नाही. त्यांना वाटलं असतं इतकं सोपं होतं तर आधी का नाही कोणी केलं.

मग १५ सप्टेंबर २०२२. गणपती जाऊन आठवडा झाला नव्हता, पितृपक्ष चालू होता. त्या दिवशी दुपारी सव्वाबाराच्या आत ईथरियमने मायनिंगच बंद केलं. आता कार्डं राबवायची गरज नाही, ज्याने स्वतःचं ईथर गहाण ठेवलंय तोच हिशेब लिहील. त्यामुळे त्यांची वीज ९९ टक्क्यांहून जास्त वाचली म्हणे. हे होणार हे सगळ्या जगाला वर्षानुवर्षं माहीत होतं. भाच्यालाही. "मामा, ते दरवर्षी पुढे ढकलत होते हो," तो म्हणाला. खाली आईने कावळ्यासाठी पान वाढलं होतं आणि वर सहा पंखे कोणासाठी फिरतायत हे त्यांनाही माहीत नव्हतं. आठवडाभर दुसऱ्या नाण्यांवर चालवून बघितलं. त्यातून पंख्यांचीसुद्धा वीज निघेना.

हिशेब केला. सहा महिन्यांत एकूण पाव ईथरच्या वर काहीतरी, विकून बत्तीस हजारांच्या आसपास. वीजबिलाचा जादा खर्च साधारण तेवढाच. सीए म्हणाले, यावर तीस टक्के कर, आणि वीजबिल खर्च म्हणून वजा होत नाही. मी विचारलं, "आणि झोप?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

खरा फटका पुढच्या वर्षी बसला. २०२३ च्या ऑगस्टपासून कर्नाटकात गृहज्योती या फुकट विजेच्या योजनेची शून्य बिलं यायला लागली. महिन्याला दोनशे युनिटपर्यंत फुकट, पण किती फुकट ते २०२२-२३ या वर्षाच्या सरासरीवर. आमचं घर आता पुन्हा शंभर युनिटांवर आलेलं. पण त्या वर्षाची सरासरी पावणेचारशे, म्हणजे दोनशेच्या पार वर. गल्लीत सगळ्यांना शून्य, आम्हाला पूर्ण बिल. काकू आपलं बिल घडी न घालता हातात धरून आल्या. याच काकू, ज्यांच्या चादरी मी वर्षभरापूर्वी फुकट वाळवल्या होत्या.

बायको काही बोलली नाही. बाहेर श्रावणाची झड चालू होती. स्वयंपाकघरात दोरीवर युनिफॉर्म तिसऱ्या दिवशीही ओलाच. तिने बिल फ्रिजवर ठेवलं, युनिफॉर्मची बाही पिळून बघितली आणि वरच्या खोलीकडे पाहिलं.

"अहो, नाहीतरी फुकट मिळतच नाही. तासभर लावता काय ते?"

मी कार्डांवरची धूळ पुसली. पंख्यांत नाडी नाही ना, ते टॉर्चने बघितलं. मग आईला हाक मारली.

"आई, बेल दाब. दाबून धरू नको."

"एऽऽऽऽक," आई म्हणाली.