आरमार बुडवायचंय? इंग्रज कशाला, घरचे आहेत ना

मंडळी, तुमच्याकडे चुकून एखादं चांगलं आरमार असेल आणि त्याचं काय करायचं सुचत नसेल तर शत्रूच्या भरवशावर अजिबात राहू नका. १७२१ ला इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर आले होते, मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्र्यांनी तसेच परत पाठवले. हे काम घरच्यांचंच.

१७२९ ला कान्होजी जातात. त्यांचा थोरला मुलगा सेखोजी आहे तोवर जरा दम धरा, १७३३ ला तोही गेला की त्याचे भाऊ संभाजी आणि मानाजी एकमेकांच्या उरावर बसतातच. आता तुम्ही पुण्यातले शहाणे पेशवे, तर समेट बिमेट करायचा नाही, सरळ वाटणी करायची. मानाजीला कुलाबा आणि वजारतमाब किताब, संभाजीला सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सरखेली, म्हणजे आरमारप्रमुखाचा किताब. एका आरमाराची दोन झाली आणि दोघंही एकमेकांच्या चहाड्या सांगायला तुमच्याच दारात, काय ते सुख!

मग त्यांचाच भाऊ तुळाजी येतो आणि तो तुम्हाला जुमानत नाही. तो काही संत नव्हता हे मान्य, पण उपाय बघा ना, आपलं घोडदळ पाण्यात चालत नाही म्हणून मुंबईच्या इंग्रजांना बोलवायचं, म्हणजे ज्यांची जहाजं तुळाजी धरायचा त्यांनाच! १७५५ ला करार, लगेच सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गाला आले, तिथे तुळाजीची गुराबा गलबतं, म्हणजे लढाऊ जहाजं, दाटीवाटीने उभी, एका जहाजाने पेट घेतला (तेही तुळाजीने इंग्रजांकडूनच धरलेलं, आता बोला) आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या आरमाराची राख.

हिशोब असा, की तुळाजी तुमच्या कैदेत, किल्ला आणि लूट त्यांच्याकडे. तुमची फौज? ती किनाऱ्यावर उभी राहून बघत होती. किल्ला परत मागत बसायचं, आणि ऑक्टोबरात तो मिळाला की बदल्यात बाणकोट द्यायचं, वर डचांना आपल्या मुलखात व्यापार करू देणार नाही असंही लिहून द्यायचं. वॉटसन आणि क्लाइव्हची काळजी नको, वर्ष संपायच्या आत ते बंगालात पोचलेत.

एवढं झालं की त्याच विजयदुर्गावर धुळप सरदारांना बसवायचं आणि आरमार पुन्हा पहिल्या फळीपासून बांधायला घ्यायचं, खर्च अर्थातच तुमच्याच खजिन्यातून.