साहेबांच्या वाढदिवसाला कसे वागावे

गेल्या आठवड्यात साहेबांचा वाढदिवस झाला. त्यानिमित्ताने मला जे शहाणपण आलं, ते फुकट वाटतोय. घ्या.

फ्लेक्स लागला की हात जोडायचे आणि पुढे चालू पडायचं. आमच्या बसस्टॉपवरचं वेळापत्रक झाकून एक बांधला होता. वर साहेब, खाली गॉगल लावलेले बावीस शुभेच्छुक. मी सोसायटीच्या ग्रुपवर एवढंच लिहिलं, ‘बस कितीला आहे ते दिसत नाही, जरा बाजूला सरकवता येईल का?’ रात्री साडेअकराला बेल वाजली. सात जण. चपला मात्र बाहेर शिस्तीत काढलेल्या. ‘काका, साहेबांविषयी वाईट लिहिलंत. व्हिडिओवर माफी मागा.’ मोबाइल धरणारा पोरगा तिसऱ्या मजल्यावरचा. त्याच्या दहावीच्या मार्कशीटच्या झेरॉक्सवर मीच सही-शिक्का मारला होता. दोन टेक झाले, कारण पहिल्यात मी मनापासून मागत नव्हतो म्हणे. जाताना एकाने पाणी मागितलं. हिने दिलं.

तेव्हा माफी आधीच रेकॉर्ड करून ठेवा. उजेड समोरून घ्या.

डीजेबद्दल बोलू नये.

लाइक करतानाही तारतम्य हवं. 2012 साली बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद झाली, त्यावर पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर चार शब्द लिहिले. दुसरीने नुसतं लाइक केलं. अटक दोघींना झाली आणि तोडफोड एकीच्या काकांच्या दवाखान्याची. दवाखान्याने काय लाइक केलं होतं, ते अजून कळलेलं नाही.

साहेब आजारी असतील तर आपल्या माणसाला दुसऱ्या हॉस्पिटलात न्या. ऑगस्ट 2001 मध्ये ठाण्यात शिवसेनेचे आनंद दिघे गेले, तेव्हा समर्थकांनी सिंघानिया हॉस्पिटल पेटवून दिलं. आत दुसऱ्यांचेही आईबाप पडलेले होते.

आणि साहेबांना, किंवा बाईंना, शिक्षा झाली तर बसमध्ये बसूच नका. 2 फेब्रुवारी 2000 ला जयललितांना एका हॉटेलच्या खटल्यात शिक्षा झाली. त्याच दिवशी तमिळनाडूत धर्मपुरीला त्यांच्या अण्णाद्रमुक पक्षाच्या कार्यकर्त्यांनी कृषी विद्यापीठाच्या सहलीची बस पेटवली. तीन मुली आत जळून मेल्या. सहलीला गेलेल्या पोरी! तिघा दोषींची फाशी आधी जन्मठेपेवर आली आणि 2018 मध्ये ते सुटलेसुद्धा. निमित्त? त्याच पक्षाचे संस्थापक एमजीआर यांची जन्मशताब्दी. म्हणजे वाढदिवसच की. खटला कुणाचा, हॉटेल कुणाचं, आणि पोरी कुणाच्या... जाऊ दे, सल्ले देत होतो ना मी? सल्ले कसले, डोंबल!

तुम्ही सगळे त्या रात्री दाराच्या भोकातून बघत होतात ना? लिफ्टशेजारचे, वरचे, तो ग्रुपचा अ‍ॅडमिन? सकाळी ‘काका, तुम्हीपण कशाला लिहायला गेलात’ म्हणायला बरे आलात. आणि तू रे, मोबाइल धरणाऱ्या? साहेबांना तुझं नाव तरी माहीत आहे का? फ्लेक्सवर तुझं आडनाव चुकीचं छापलंय, ते वाचलंस? साहेबांचा मुलगा परदेशात शिकतोय आणि तू रात्री बाराला माझ्या दारात शूटिंग करतोयस. उद्या एखादं कलम लागलं, पोलीस भरतीची पडताळणी अडकली, की दाखल्यावर सही-शिक्का मागायला माझ्याकडेच येशील. ये. पण आधी तो व्हिडिओ डिलीट कर, गाढवा.