दिवसभर ताठ बसून पाठदुखी जात नाही

कोल्हापुरात बँकांच्या, पतसंस्थांच्या, ऑफिसांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतो. शब्द बदलतात, सांगणं एकच. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांची पाठ आणि खांदे पोक काढून बसल्यामुळेच दुखतात. म्हणून पाठ काटकोनात ताठ ठेवा, दिवसभर पोश्चर बेल्ट लावा, रात्री फरशीवर चटई टाकून झोपा, उसण भरली तर आठ दिवस अंथरूण सोडू नका, महिन्यात दुखणं मुळापासून जाईल. लोक हे मनापासून पाळतात, त्यात खांदे आणखी धरतात, आणि शेवटी आपल्यालाच नीट बसता येत नाही असं समजून बसतात. त्यामुळे यातला एकेक मुद्दा तपासायला हवा.

‘पाठ काटकोनात ताठ ठेवा.’ पाठीला आधार न देता ताठ बसायचं तर मणक्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू सतत आवळून धरावे लागतात. ताकद थोडीच लागते, पण स्नायूला सुटी मिळत नाही, त्यातला रक्तपुरवठा मंदावतो आणि पाठ भरून येते. मणक्याच्या चकतीत सेन्सर बसवून जर्मनीत मोजमाप झालं, ते 1999 साली प्रसिद्ध झालं. खुर्चीला टेकून सैल बसल्यावर चकतीवरचा दाब आधाराविना सरळ बसण्यापेक्षा कमी भरला. हे एकाच माणसावरचं मोजमाप होतं, पण 2006 साली स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनमध्ये 22 जणांचे बसलेल्या स्थितीत एमआरआय काढले तेव्हाही चकत्या सर्वांत कमी सरकल्या त्या मांड्या आणि पाठ यांत 135 अंशांचा कोन होईल इतकं मागे रेलून बसल्यावर. कीबोर्डवर काम करताना इतकं रेलता येत नाही, 100 ते 110 अंश पुरे. कंबरेच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि पाठ खुर्चीला टेकू द्या.

पोक काढून तासन्‌तास बसलं तरी दुखतंच, त्याचंही मुख्य कारण हलणं थांबतं हे आहे. गुजरीतल्या सोनारांना आणि हुपरीतल्या चांदी कारागिरांना, खाली बसून काम करत असल्यामुळे, खुर्चीचे हे नियम लागूच होत नाहीत, तरी मान-खांदे त्यांचेही धरतात. दर अर्ध्या तासाने उठून मिनिटभर चाला, फोन उभ्याने घ्या. एकच ‘बरोबर’ बैठक दिवसभर धरून ठेवण्यापेक्षा याने जास्त उतार पडतो.

‘खांदे पोक काढल्यामुळेच दुखतात.’ इथे मेसेज सगळ्यात जास्त चुकतो, कारण खांद्यांचं दुखणं बहुतेकदा टेबलावर सुरू होतं. आपल्याकडची ऑफिसची टेबलं साधारण 75 सेंमी उंच असतात. सव्वापाच फुटांच्या आतल्या माणसाचं कोपर, पाय जमिनीवर टेकलेले असताना, त्याहून दहाएक सेंमी खाली राहतं. मग कीबोर्डपर्यंत पोचायला खांदे नकळत वर उचलले जातात आणि आठ तास तसेच राहतात. अशा वेळी खुर्ची वर घ्या, कोपर कीबोर्डच्या पातळीत येईपर्यंत. पाय लोंबकळले तर खाली घरचा पाट ठेवा. खुर्ची वर होत नसेल तर चौपदरी सतरंजी घडी करून घाला. मऊ उशी दबते, तासाभरात उंची गेलेली असते.

आता लक्ष्मीपुरी-शाहूपुरीतल्या पेढ्यांमध्ये टॅलीवर, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर, बसणाऱ्यांचं टेबल बघा. बिलांचा गठ्ठा डाव्या हाताला सपाट पडलेला, त्यामुळे मान दिवसभर डावीकडे खाली वळलेली. उजवा हात आकड्यांच्या कळांवर, आणि त्याच्याही पलीकडे माऊस, म्हणजे हात अंगापासून लांब ताणलेला. उजव्या खांद्याच्या वर, मानेच्या बुडाशी जी गाठ लागते ती इथली. कीबोर्ड डावीकडे सरकवा, आकड्यांच्या कळा उजव्या खांद्याच्या समोर येतील इतका. माऊस कमी लागत असेल तर डाव्या हाताला घ्या. बिलं कीबोर्ड आणि स्क्रीनच्या मध्ये तिरक्या पाटीवर लावा, जुन्या फाइलचा पुठ्ठाही चालतो.

स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर हातभर. मात्र बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर हा नियम पाळू नका. खालच्या काचेतून बघायला हनुवटी वर जाते आणि मानेची मागची बाजू आवळते, म्हणून स्क्रीन आणखी खाली हवी. लॅपटॉप वह्यांच्या गठ्ठ्यावर चढवलात तर वेगळा कीबोर्ड आणि माऊस घ्यावाच लागतो, नाहीतर मान सुटते आणि खांदे अडकतात.

‘पोश्चर बेल्ट लावा.’ बेल्ट खांदे मागे ओढतो, पण स्नायूंना ताकद देत नाही. घट्ट बसला तर काखेत रुततो, हाताला मुंग्या येतात. कंबरेच्या पट्ट्यांची मोठी पाहणी अमेरिकेत झाली, ओझी उचलणाऱ्या 9 हजारांहून जास्त कामगारांवर. पट्ट्याने पाठदुखी टळल्याचं दिसलं नाही. हे पैसे वाचवा.

‘फरशीवर झोपा.’ स्पेनमध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या 313 जणांना दोन प्रकारच्या गाद्या दिल्या (2003). कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवाल्यांना जास्त आराम पडला. घट्ट भरलेली कापसाची गादी ठीक आहे.

‘आठ दिवस पडून राहा.’ 1986 च्या एका अभ्यासात दोन दिवस आणि सात दिवस विश्रांतीची तुलना झाली. दोन दिवसवाले लवकर कामावर परतले, बाकी बरं होण्यात फरक नव्हता. एखादा दिवस पडा, मग सोसेल तितकं घरात फिरा. पायाळू माणसाकडून लाथ मारून घेणं किंवा मान कडकड मोडून घेणं मात्र नकोच.

मेसेजमध्ये व्यायामाचा शब्द नाही, ही त्याची सर्वांत मोठी उणीव. डेन्मार्कमध्ये मान-खांदे दुखणाऱ्या 198 जणांवर झालेल्या प्रयोगात रबरी पट्टा ताणण्याचा व्यायाम आठवड्यात पाच दिवस, रोज फक्त दोन मिनिटं, दहा आठवडे केला, तरी दुखणं कमी झालं. कृती सोपी आहे. पट्ट्याच्या मधोमध पाय ठेवून उभे राहा, दोन्ही टोकं हातात धरा, कोपर किंचित वाकवा, हात बाजूला पण थोडे पुढच्या अंगाने खांद्याच्या उंचीपर्यंत न्या, सावकाश खाली आणा. पट्टा नसेल तर अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या घ्या, जमेल तशा लिटरच्या. मान आखडली की थांबा, वजन जास्त झालंय. जोडीला भिंतीला हात टेकून दहा-बारा जोर काढा. स्नायू दुसऱ्या दिवशी दुखतील, त्याला घाबरू नका.

‘महिन्यात मुळापासून.’ नुकतीच भरलेली उसण बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप उतरते, श्रेय मेसेजला जातं. जुनं दुखणं मात्र कमी-जास्त होत राहतं. एमआरआयमध्ये ‘चकती सरकली’ लिहून आलं म्हणून हबकू नका, काहीच न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांमध्येही दहापैकी तिघांत ते दिसतं.

पण पायातली ताकद कमी झाली, मांड्यांच्या आतला भाग बधिर झाला, लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, तर त्याच दिवशी सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा. पाठदुखीबरोबर ताप असेल, वजन उतरत असेल किंवा पडल्याचा मार असेल तरी थांबू नका. डावा खांदा दुखताना छाती भरून येत असेल आणि घाम फुटत असेल तर हृदयाकडे बघा. मधुमेह असलेल्यांचा खांदा हळूहळू आखडून हात वर जाईनासा झाला तर तो टेबलाचा दोष नसतो, त्याचे उपचार वेगळे आहेत.