हिरोशिमाला अर्धा दिवस? त्यापेक्षा जाऊच नका

जपानच्या सहलींच्या कार्यक्रमपत्रिका हल्ली व्हॉट्सअॅपवर सारख्या फिरत असतात. बहुतेकांत हिरोशिमा कसंबसं कोंबलेलं असतं. सकाळी ओसाकाहून शिनकान्सेन म्हणजे बुलेट ट्रेन, ट्रामने थेट अणुबॉम्बमधून उरलेला घुमट, तासाभरात संग्रहालय, फोटो, की लगेच मियाजिमा बेटाची बोट. एवढाच वेळ असेल तर हिरोशिमा सरळ वगळा, असं माझं मत आहे. जायचंच असेल तर अख्खा दिवस द्या, आणि तो पायी फिरा.

का, ते सांगते. या शहरात १९४५ च्या अणुबॉम्बच्या स्फोटातून वाचलेल्या वास्तू आणि झाडं जागोजागी आहेत. त्यांच्याजवळच्या फलकांवर स्फोटकेंद्रापासूनचं (ज्या जागेच्या बरोबर वर बॉम्ब फुटला तिथपासूनचं) अंतर मीटरमध्ये लिहिलेलं असतं. घरी बसून वाचताना १३७० काय आणि ३८० काय, नुसते आकडे. बाहेरून आत चालत गेलं की ते पायांना कळायला लागतात. ट्रामने थेट मधोमध उतरलात, तर हे सगळं हुकतं.

मी आणि ताई तशाच गेलो. ताईच्या गुडघ्यांची धास्ती होती, पण हिरोशिमा ओता नदीच्या मुखाशी गाळावर वसलेलं सपाट शहर. पूल तेवढे सारखे ओलांडायचे, चढ असा नाहीच. क्योटोत कियोमिझू देवळाच्या चढणीवर तिने माझा जो उद्धार केला होता, त्यातलं इथे काही ऐकावं लागलं नाही.

स्टेशनपासून रमतगमत पहिला थांबा शुक्केइएन. १६२० ची बाग, आसानो घराण्याच्या सरदारासाठी उएदा सोको नावाच्या चहाविधीच्या आचार्याने आखलेली. आपण बागेत फुलं शोधतो. इथे तळ्याकाठची वाटच अशी आहे की दर वळणावर देखावा बदलतो. मधोमध दगडी कमानीचा पूल, खाली तोंड उघडून खाण्याची वाट बघणारे कोई मासे. किमोनोतलं एक नवरा-नवरीचं जोडपं फोटो काढून घेत होतं आणि फोटोग्राफर नवऱ्याला सारखी मान सरळ करायला सांगत होता. तो पूल स्फोटातून वाचला, बाकी बाग जळून गेली. आगीतून पळालेली माणसं इथे आली, त्यातली कितीतरी इथेच गेली आणि इथेच पुरली गेली. एक जुना गिंको वृक्ष अजून उभा आहे, बुंधा स्फोटकेंद्राच्या दिशेला कललेला. फलकावर १३७० मीटर. त्याच्याभोवती फेरी मारून ताई म्हणाली, "अगं, हे म्हातारं नाही, चांगलं धडधाकट आहे की!"

तिथून पश्चिमेला किल्ला. खरं सांगते, रायगड-राजगड चढलेल्या माणसाला हा किल्ला काही भारून टाकणार नाही. मोरी तेरुमोतोने १५८९ मध्ये बांधायला घेतलेला मूळ मनोरा स्फोटात कोसळला. आत्ता दिसतो तो १९५८ चा, काँक्रीटचा. आम्ही मनोऱ्याच्या नादी लागलो नाही, आवारातच फिरलो. तिथे ७४० मीटरवरचं निलगिरीचं झाड आहे. आणि जरा आत गवतात दगडी जोत्याचे अवशेष आहेत, त्यांच्यापाशी कोणी थांबत नाही.

थांबायला हवं. १८९४ मध्ये चीनशी युद्ध सुरू झाल्यावर जपानच्या लष्कराचं सर्वोच्च मुख्यालय इथे आलं, सम्राट मेइजी इथे येऊन राहिला, संसदेचं अधिवेशनसुद्धा हिरोशिमात भरलं. ते जोतं त्या मुख्यालयाचं. पुढची पन्नास वर्षं हे लष्करी शहर होतं. जवळच अर्धवट जमिनीत गाडलेली लष्करी दळणवळणाची खोली आहे. बॉम्ब पडला त्या ६ ऑगस्टला तिथे कामाला जुंपलेल्या शाळकरी मुली होत्या. शहर गेल्याची बातमी त्यांनी फोनवरून बाहेर कळवली. नुसत्या घुमटापाशी उभं राहिलं की इतिहास त्या सकाळी सव्वाआठला, बॉम्ब पडला तेव्हा, सुरू झाल्यासारखा वाटतो. तो तसा सुरू झाला नाही, आणि हे म्हटल्याने बॉम्ब टाकणाऱ्यांचं पाप तसूभरही कमी होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोक्यात ठेवायला जो वेळ लागतो, तो बसमधून उतरून पुन्हा बसमध्ये चढणाऱ्याला मिळत नाही.

मग आइओइ पूल, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा. वरून सहज ओळखू येतो म्हणून विमानातून नेम याच्यावर धरला होता. आत्ताचा पूल नंतरचा आहे. पलीकडे घुमट. चेक वास्तुकार यान लेत्सेलने बांधलेलं १९१५ चं प्रदर्शन भवन. स्फोट जवळजवळ डोक्यावरच झाला, म्हणून काही भिंती उभ्या राहिल्या. हा सांगाडा पाडावा की ठेवावा यावर शहरात बरीच वर्षं वाद होता. रोज तो बघत जगणं अनेकांना नको होतं. १९६६ मध्ये नगर परिषदेने जतनाचा ठराव केला, लोकांनी देणग्या दिल्या, आणि १९९६ मध्ये तो जागतिक वारसा झाला. फोटो काढायला तिथे ही गर्दी असते.

आणि तिथून १६० मीटरवरच्या गल्लीत कोणी नसतं! त्याचंच मला राहून राहून आश्चर्य वाटतं. घुमटाकडे पाठ करून पूर्वेला चाला. साधी गल्ली, पार्किंगमधल्या गाड्या, एक दवाखाना. १९४५ मध्येही इथे त्याच घराण्याचं शिमा रुग्णालय होतं. बाहेर कमरेएवढ्या उंचीचा एक छोटा फलक, जुना फोटो आणि चार ओळी. याच्या बरोबर वर साधारण ६०० मीटरवर बॉम्ब फुटला. बस्स. ना स्मारक, ना रांग. आम्ही उभ्या होतो तेवढ्यात एक आजोबा काठी टेकत आले, आमच्याकडे बघून किंचित वाकले आणि दवाखान्यात शिरले. त्यांना बहुधा रक्तदाब तपासायचा होता. हे शहर स्मारक म्हणून जगत नाही, हे मला संग्रहालयाने नाही, या गल्लीने सांगितलं.

पुढे होन्दोरीच्या छताखालच्या बाजारपेठेतून (लाल जर्सी दिसल्या की समजा, आज कार्प संघाची बेसबॉलची मॅच आहे) बाहेर पडलात की बँक ऑफ जपानची जुनी इमारत. ३८० मीटर. दोन दिवसांत, ८ ऑगस्टला, ती पुन्हा उघडली आणि मोडलेल्या इतर बँकांचे व्यवहारही तिथून सुरू झाले. ९ ऑगस्टला पश्चिमेकडच्या एका टप्प्यावर ट्राम धावली. पुरुष युद्धावर गेलेले, त्यामुळे त्या काळात ट्राम चालवायला शाळकरी मुलीही असायच्या. स्फोटातून वाचलेल्या जुन्या गाड्यांपैकी ६५१ आणि ६५२ नंबरच्या अजून रुळांवर दिसतात.

पण दिवसभरात मनात घर करून राहिली ती फुकुरोमाची शाळा, ४६० मीटर. तिच्या जुन्या इमारतीचा एक तुकडा संग्रहालय म्हणून ठेवलाय. स्फोटानंतर इथे जखमींना आणलं. आगीने भिंती काळ्या झाल्या होत्या. आपल्या माणसांना शोधत येणाऱ्यांनी त्या काजळीवर खडूने निरोप लिहिले. कोणी नाव, कोणी पत्ता, कोणी "अमुक ठिकाणी आहे". नंतर भिंतींना गिलावा झाला, त्यावर रंग चढले, आणि त्यांच्या आड पोरं पन्नासेक वर्षं शिकली. जुनी इमारत पाडायची वेळ आली तेव्हा गिलाव्याखालून अक्षरं निघाली. फळ्यावर खडूने आयुष्य काढलेली ताई त्या भिंतीसमोर बराच वेळ उभी होती. मी काही विचारलं नाही. त्या खोलीत आमच्याशिवाय फक्त देखरेखीला बसलेल्या बाई होत्या.

जेवण. ओकोनोमियाकी हिरोशिमाचंच खा, ओसाकावाले काहीही म्हणोत. ओसाकात सगळं एकत्र कालवतात, इथे थर लावतात. तव्यावर पातळ धिरडं, त्यावर कोबीचा हा एवढा डोंगर, मोड आलेली कडधान्यं, डुकराच्या मांसाचे काप, शेजारी नूडल्स परतून वर अख्खा ढीग उलटवायचा, खाली अंडं फोडायचं. कोबी वाफेने बसत जातो आणि डोंगराची टेकडी होते. खायचं छोट्या उलथन्याने, थेट तव्यावरून. ओकोनोमिमुरा नावाच्या इमारतीत मजल्यामजल्यावर याचेच ठेले आहेत. शाकाहाऱ्यांनो, फक्त "मांस नको" म्हणून भागत नाही. धिरड्यावर आधीच माशांची भुकटी भुरभुरतात. ते पीठ तव्यावर पडायच्या आत सांगा.

जेवून शंभर मीटर रुंदीच्या शांती मार्गावरून पश्चिमेला चाललो. झाडांची सुंदर सावली आहे. आग पसरू नये म्हणून युद्धात इथली घरं पाडून मोकळे पट्टे केले जात होते, आणि त्या सकाळी शहरात असं पाडकाम करायला बारा-तेरा वर्षांची हजारो मुलं रस्त्यावर उघड्यावर होती. संग्रहालयात जेवणाच्या डब्यात अन्नाचा झालेल्या कोळशापाशी लोक रडतात, तो डबा त्यांच्यातल्याच एकाचा. मी रस्ता आधी चालले होते, डबा नंतर पाहिला. हा क्रम मी हट्टाने सांगेन: संग्रहालय शेवटी. आधी पाहिलंत तर बाकी शहर दिसत नाही, डोळेच चालत नाहीत.

शांती उद्यानाबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलंय. बॉम्बच्या किरणोत्सर्गाने पुढे आजारी पडून गेलेल्या सादाको या मुलीचे कागदी पक्षी आपण शाळेपासून ऐकतो, आणि २०२३ मध्ये बसवलेला गांधीजींचा अर्धपुतळा भारतीय मंडळी बरोबर शोधून काढतात. मी दोनच जागा सुचवते. एक, बॉम्बने मेलेल्या कोरियन लोकांचं स्मारक. १९७० मध्ये ते उद्यानाच्या हद्दीबाहेर उभं राहिलं, आत यायला १९९९ उजाडलं. दुसरी, २०२२ मध्ये उघडलेलं छोटं दालन. हे उद्यान होण्याआधी इथे नाकाजिमा नावाची गजबजलेली वस्ती होती, दुकानं, देवळं, घरं. तिचा जमिनीखाली सापडलेला रस्ता आणि घरांचे अवशेष तिथे ठेवलेत. उद्यान इथे आधीपासून होतं अशा समजुतीत फिरणाऱ्यांनी तिथे आधी जावं.

मियाजिमा दुसऱ्या दिवशी करा, ट्राम बोटीच्या धक्क्यापर्यंत जाते. दोन दिवस नसतीलच तर मियाजिमा सोडा. पाण्यातलं ते तोरी (देवळाचं प्रवेशद्वार) सुंदर आहे, वाद नाही, पण मी तरी सोडेन. आता मियाजिमावाले कमेंटमध्ये येतील. या, ताईसुद्धा तुमच्याच पार्टीत आहे.